अध्यापनातील घनचित्रदर्शक : १८३८ ते २०२१

(१)

अध्यापनाच्या साधनांचा इतिहास लिहिताना साधनाच्या शोधालाच बहुधा इतिहासाचे स्थान दिले जाते. ते साधन वर्गात कसे शिरले, तेथे कोणाच्या आधाराने टिकले आणि कोणत्या कारणाने तेथून नाहीसे झाले, हे प्रश्न मागे राहतात. कोणतेही नवे साधन प्रथमच जन्माला आले आहे, अशी समजूत त्यामुळे प्रत्येक पिढीत दृढ होते व आधीच्या पिढीने घेतलेला अनुभव पुढच्या पिढीला उपयोगी पडत नाही. इ. स. २०१४ मध्ये पुठ्ठ्याच्या घडीव पेटीत दूरध्वनियंत्र बसवून ‘आभासी वास्तव’ पाहण्याची सोय झाली, तेव्हा हेच घडले. अल्प किमतीत विद्यार्थ्याला दूरदेशी नेणारे अपूर्व साधन म्हणून तिचे स्वागत झाले. वस्तुतः दोन भिंगे, दोन चित्रे आणि बाहेरचे जग झाकणारा आडोसा एवढ्या सामग्रीवर शाळेतील मुलांना दूरदेशी नेण्याचा उद्योग त्यापूर्वी शंभर वर्षे तरी पद्धतशीरपणे चाललेला होता.

ह्या दीर्घ परंपरेकडे पाहिले असता दोन प्रश्न विशेष विचारार्ह ठरतात. पहिला असा की, ज्याला स्वस्त साधन म्हटले जाते त्याची स्वस्ताई नेमकी कशात असते ? आणि दुसरा असा की, पाहण्याचे रूपांतर शिकण्यात कोणत्या योगाने होते ? इतिहासाने ह्या दोन्ही प्रश्नांची बरीच स्पष्ट उत्तरे दिलेली आहेत.

(२)

माणसाचे दोन डोळे एकमेकांपासून सुमारे सहा ते साडेसहा सेंटिमीटर अंतरावर असल्यामुळे जवळच्या वस्तूची दोन किंचित् भिन्न चित्रे दृष्टिपटलांवर उमटतात. ह्या भेदातूनच मन वस्तूची खोली जाणते, ही गोष्ट लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापक चार्ल्स व्हीटस्टन ह्याने इ. स. १८३८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात प्रयोगाने सिद्ध केली. परस्परांशी काटकोन करून उभे केलेले दोन आरसे आणि त्यांच्या दोन बाजूंना लावलेली दोन रेखाचित्रे, एवढेच त्याचे उपकरण होते. त्याला त्याने ‘स्टिरिओस्कोप’ हे नाव दिले. मराठीत त्यास घनचित्रदर्शक म्हणता येईल. छायाचित्रणाची कला जगापुढे येण्यास त्या वेळी अद्याप एक वर्ष अवकाश होता. म्हणून व्हीटस्टनची चित्रे हाताने काढलेली साध्या भूमितीय आकृतींची होती, आणि उपकरणाचा हेतू मनोरंजन नसून दृष्टीच्या शास्त्राची सिद्धता हा होता. आरंभी हा दर्शक प्रयोगशाळेतील एक युक्तिवादच होता, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

त्याला घरोघरी नेणारे रूप स्कॉटलंडचा पदार्थवैज्ञानिक डेव्हिड ब्रूस्टर ह्याने १८४९ मध्ये दिले. आरशांच्या जागी भिंगे आली, आणि लहानशा बंद पेटीत दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवण्याची सोय झाली. पॅरिसच्या ज्यूल द्युबॉस्क ह्याने तयार केलेले असे दर्शक १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात मांडले गेले, व्हिक्टोरिया राणीने त्यांविषयी कौतुक दाखविले आणि लवकरच त्यांचा मोठा व्यापार सुरू झाला. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनीने तर दर्शकावाचून एकही घर असू नये, असे आपले घोषवाक्यच ठरविले. ब्रूस्टरची दृष्टी मात्र व्यापाराच्या पलीकडे होती. १८५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने शिक्षणातील उपयोगासाठी एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले आहे. पेस्टालोझीसारख्या शिक्षणचिंतकांनी शब्दाआधी वस्तू दाखवावी, हे तत्त्व त्यापूर्वीच रूढ केले होते. परंतु पर्वत, प्राचीन मंदिर किंवा दुर्मीळ प्राणी वर्गात आणावा कसा, हा प्रश्न उरतच होता, आणि घनचित्र हे त्याचे उत्तर आहे असे आता वाटू लागले.

(३)

स्वस्ताईच्या इतिहासातील निर्णायक पाऊल अमेरिकेत पडले. हार्वर्ड येथे शरीररचनाशास्त्र शिकविणारा वैद्य व साहित्यिक ऑलिव्हर वेंडेल होम्स ह्याने १८५९ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ ह्या मासिकात घनचित्रांवर एक विस्तृत लेख लिहिला, आणि १८६१ च्या सुमारास हातात धरण्याचा अगदी साधा दर्शक तयार केला. खाली मूठ, पुढे दोन भिंगे, कपाळाला टेकणारा आडोसा आणि चित्रपत्रिका मागेपुढे सरकविण्यासाठी एक आडवी पट्टी, एवढाच हा लाकडी सांगाडा होता. होम्सने त्याचे एकस्व बुद्ध्याच घेतले नाही. परिणामी बोस्टनच्या जोसेफ बेट्सने त्यात सुधारणा करून तो विक्रीस आणल्यावर इतर कारखानदारांनाही तो निर्वेधपणे बनविता आला आणि त्याची किंमत उतरत गेली. होम्सने स्वतः ह्या साधनाचा शास्त्रीय उपयोगही करून दाखविला. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसांच्या क्षणचित्रांवरून त्याने मनुष्याच्या चालण्याचे विश्लेषण केले आणि यादवी युद्धात पाय गमावलेल्यांसाठी कृत्रिम अवयव कसे असावेत ह्या चर्चेला १८६३ मध्ये त्याची जोड दिली.

येथे एक भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. दर्शक मुक्त झाला तरी चित्रे मुक्त नव्हती. सांगाडा कोणीही करावा, पण चित्रसंग्रह ज्याच्या हाती त्याच्याच हाती खरा व्यापार, अशी ही व्यवस्था होती. अंडरवुड बंधूंनी १८८० नंतरच्या दशकाच्या आरंभी कॅन्सस संस्थानातील ऑटवा गावी सुरू केलेली ‘अंडरवुड अँड अंडरवुड’ आणि बी. एल. सिंगले ह्याने १८९२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मीडव्हिल येथे स्थापिलेली ‘कीस्टोन व्ह्यू कंपनी’ ह्या दोन संस्थांनी ही गोष्ट नेमकी ओळखली. दर्शक स्वस्तात द्यावा आणि चित्रांचे संच विकावे, हे त्यांचे धोरण होते. आणि ह्या संचांचा सर्वांत स्थिर ग्राहक कुटुंब नसून शाळा आहे, हेही त्यांना लवकरच उमगले.

शाळेसाठी केलेल्या ह्या संचांची रचना आजही अभ्यासण्याजोगी आहे. अंडरवुडच्या प्रवाससंचात चित्रांबरोबर एक मार्गदर्शक ग्रंथ व खास नकाशे असत. प्रत्येक चित्राला क्रमांक असे. नकाशावर त्या क्रमांकाच्या बिंदूपासून दोन तांबड्या रेषा निघत आणि पाहणारा कोठे उभा आहे, कोणत्या दिशेला पाहत आहे व त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात कोणता प्रदेश येतो, हे त्या दाखवीत. ग्रंथातील मजकूर पाहणाऱ्याला त्या स्थळी उभे करूनच बोले : समोर काय आहे, डावीकडे चित्राबाहेर काय आहे, मागे वळल्यास काय दिसेल. केवळ चित्र न पाहता स्थळाचा अनुभव घ्यावा, हा त्यामागील विचार होता.

कीस्टोनने १८९८ मध्ये शिक्षणविभाग उघडला आणि पुढे सहाशे चित्रांचा प्रसिद्ध शालेय संच सिद्ध केला. त्याचा प्राण चित्रांत नसून शिक्षकांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत होता. एकच चित्र भूगोल, इतिहास, उद्योगधंदे, निसर्गज्ञान, भाषालेखन अशा अनेक विषयांखाली सूचीत येई. एखाद्या लोकरीच्या गिरणीचे चित्र भूगोलाच्या शिक्षकालाही सापडावे व निबंधलेखन घेणाऱ्यालाही, अशी ती योजना होती. पत्रिकेच्या पाठीवर माहिती व प्रश्न छापलेले असत. शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांनी ह्या कामात भाग घेतला; कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील फ्रँक मॅकमरी ह्याचे नाव त्यांत प्रामुख्याने येते.

(४)

ह्या चित्रप्रवासाचा हिंदुस्थानशी आलेला संबंध उद्बोधक आहे. न्यू जर्सीतील मेपलवुड येथे सुमारे वीस वर्षे शिक्षकाचे काम केलेला जेम्स रिकाल्टन १८९१ मध्ये ते काम सोडून जगप्रवासी छायाचित्रकार झाला, आणि १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या सुमारास त्याने अंडरवुडसाठी ह्या देशात चित्रे घेतली. मुंबई, आग्रा, काशी, दिल्ली इत्यादी स्थळांचा समावेश असलेला शंभर चित्रांचा संच व त्यावरील रिकाल्टनचा ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील असंख्य वाचकांनी मुंबईचे रस्ते आणि गंगेचे घाट पाहिले ते ह्या दर्शकातून.

रिकाल्टन मूळचा शिक्षक असल्यामुळे त्याची चित्रे व त्यांवरील विवेचन पुष्कळ ठिकाणी काळजीपूर्वक केलेले आढळते. तथापि ह्या पद्धतीतील एक उणीवही येथेच उघडी पडते. नकाशावरील तांबड्या रेषा कोठे काढावयाच्या, हे पाहणारा ठरवीत नाही, आणि ज्याला पाहिले जाते तोही ठरवीत नाही. ते कंपनी ठरविते. दरबाराचे हत्ती, घाटावरील साधू, राजवाडे व दुष्काळ ह्यांच्या चित्रांतून एक हिंदुस्थान उभा राही. त्याच काळात मुंबईतील महाविद्यालये, वृत्तपत्रे, राष्ट्रसभेची अधिवेशने व गिरणीकामगारांच्या वस्त्या ह्यांतून घडत असलेला हिंदुस्थान त्या पट्टीत सहसा येत नसे. प्रत्यक्ष उभे असल्याचा भास जितका उत्कट, तितका निवडीचा पक्षपात अधिक अदृश्य होतो. पुस्तकातील वर्णन वाचताना लेखक मध्ये आहे ही जाणीव राहते; घनचित्र पाहताना ती लोपते. शिक्षणाच्या दृष्टीने हा दोष साधनाच्या गुणातूनच उत्पन्न होतो, म्हणून तो विशेष गंभीर होय.

दुसरी मर्यादा वर्गाच्या स्वरूपातून येते. घनचित्रदर्शक हे एका वेळी एकानेच पाहावयाचे साधन आहे. ह्याच्या उलट मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरील चित्रे पडद्यावर टाकणारा दीप, हे समुदायाचे साधन होते. कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सुरू केलेले ‘शांबरिक खरोलिके’चे प्रयोग महाराष्ट्राला परिचित आहेत. मायावी शंबरासुराच्या नावावरून ह्या दीपाला मराठी नाव मिळाले, आणि हाताने रंगविलेल्या काचांना निवेदनाची व संगीताची जोड देऊन पौराणिक कथा प्रेक्षकसमूहापुढे मांडल्या गेल्या. त्या प्रयोगात चित्राला खोली नव्हती, पण सर्वांची नजर एका वेळी एकाच चित्रावर असे आणि सांगणारा जवळ उभा असे. घनचित्रात खोली होती, पण पाहणारा एकटा पडे, आणि तो नेमके काय पाहत आहे हे शिक्षकाला कळण्यास मार्ग नसे. कीस्टोनने आपली शालेय चित्रे घनपत्रिका व दीपाच्या काचा अशा दोन्ही रूपांत पुरविली, ह्याचे मर्म हेच आहे. एकाने एकांतात पाहावे आणि मग सर्वांनी मिळून बोलावे, ह्या दोन क्रियांची गरज परस्परांनी भागत नाही, हे त्या काळच्या शाळेने अनुभवाने जाणले होते.

(५)

१९२० नंतर चित्रपट, नभोवाणी व सचित्र मासिके ह्यांच्या स्पर्धेत घनचित्रांचा व्यापार ओसरला. अंडरवुडचा संग्रह कीस्टोनकडे गेला, आणि कीस्टोननेही १९३९ नंतर नियमित निर्मिती आवरती घेतली. त्याच सुमारास ह्या साधनाचा दुसरा जन्म झाला. पोर्टलंडचा विल्यम ग्रूबर आणि सॉयर्स कंपनीचा हॅरल्ड ग्रेव्ह्ज ह्यांनी १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनाच्या काळात ‘व्ह्यूमास्टर’ बाजारात आणला. पुठ्ठ्याच्या एका चकतीवर रंगीत फिल्मचे चौदा तुकडे, म्हणजे सात घनचित्रे असत. पुढे तो मुलांचे खेळणे म्हणून प्रसिद्ध झाला, हे खरे; परंतु त्याचा पहिला मोठा शैक्षणिक उपयोग सैन्याने केला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने विमाने व जहाजे ओळखण्याच्या आणि अंतराचा अंदाज घेण्याच्या शिक्षणासाठी सुमारे एक लाख दर्शक व साठ लाखांच्या आसपास चकत्या घेतल्या.

ह्याहून महत्त्वाचे उदाहरण वैद्यकशिक्षणाचे आहे. शरीररचनेच्या अभ्यासात खोलीचे ज्ञान हा अलंकार नसून विषयाचे सारच होय. धमनी स्नायूच्या पुढे आहे की मागे, ह्यावर शस्त्रक्रियेचे यश अवलंबून असते. एडिंबरो येथून डेव्हिड वॉटरस्टनच्या संपादनाखाली १९०५ पासून शरीररचनेचा घनचित्रसंग्रह निघालाच होता. पुढे स्टॅनफर्डच्या डेव्हिड बॅसेट ह्याने केलेल्या विच्छेदनांची ग्रूबरने चित्रे घेतली आणि १९५२ ते १९६२ ह्या काळात पंधराशेहून अधिक रंगीत घनचित्रांचा ग्रंथसंग्रह व्ह्यूमास्टरच्या चकत्यांसह प्रसिद्ध झाला. प्रत्येक चित्रासोबत अवयवांची नावे दाखविणारे रेखाचित्र होते. विद्यार्थी आधी दर्शकात पाही, मग रेखाचित्रात नाव शोधी आणि पुन्हा दर्शकाकडे वळे. पाहणे, नाव देणे व पुन्हा पाहणे ह्या आवर्तनाने हा संग्रह चिरस्थायी झाला. ज्या विषयात तिसरी मिती ज्ञानाला आवश्यक आहे, तेथे हे साधन टिकले. जेथे ती केवळ नवलाची होती, तेथे ते नवलाईबरोबर ओसरले.

(६)

पाहणाऱ्याने मान वळविली की दृश्यही वळावे, ही नवी कल्पना प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय आयव्हन सदरलँड ह्याच्याकडे जाते. १९६८ मध्ये त्याने वर्णिलेले शिरोधार्य उपकरण इतके अवजड होते की, त्याचा भार छतापासून लोंबणाऱ्या यांत्रिक दांड्यावर घ्यावा लागे. पुढची चार दशके आभासी वास्तव हे लष्कर, विमानविद्या व मोठ्या प्रयोगशाळा ह्यांच्याच आटोक्यातील राहिले. ही कोंडी दर्शकातील सुधारणेने फुटली नाही; ती फुटली दूरध्वनियंत्रामुळे. सूक्ष्म पडदा, गतिमापक व घूर्णदर्शी ही अंगे लक्षावधी लोकांच्या खिशात अन्य कारणाने आधीच पोहोचली होती. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने २०१२ मध्ये घडी घालून तयार होणाऱ्या दर्शकाचा आराखडा प्रसिद्ध केला. २०१४ च्या जूनमध्ये गूगल कंपनीने पॅरिस येथील डेव्हिड कोझ व डेमियन हेन्री ह्या अभियंत्यांनी केलेला पुठ्ठ्याचा दर्शक पुढे आणला आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला ठेवला. पुठ्ठा, दोन भिंगे, लोहचुंबक, चिकटपट्टी व रबराचे कडे, एवढीच त्याची सामग्री होती. होम्सने दीड शतकापूर्वी जे केले त्याचीच ही पुनरावृत्ती होय. २०१५ च्या नोव्हेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपल्या वर्गणीदारांना दहा लाखांहून अधिक दर्शक वाटले, आणि २०१७ पर्यंत एक कोटी दर्शक पाठविले गेल्याचे कंपनीने जाहीर केले.

शाळांसाठी ‘एक्स्पिडिशन्स’ ही योजना २०१५ मध्ये घोषित झाली. तीत शिक्षकाच्या हाती एक पाटीयंत्र असे व विद्यार्थ्यांच्या हाती दर्शक. शिक्षक दृश्य निवडी, टिपणे वाचून दाखवी आणि दृश्यातील एखाद्या स्थानावर खूण करी; कोणता विद्यार्थी कोठे पाहत आहे हे लहान चिन्हांनी त्याच्या पडद्यावर उमटे. संच एकमेकांशी स्थानिक जाळ्याने जोडलेले असल्यामुळे इंटरनेटवाचूनही पाठ घेता येई. एकांतातील घनचित्र आणि समुदायातील दीप ह्यांची सांगड घालण्याचा हा प्रयत्न होता, आणि जुन्या अडचणीचे हे सर्वांत चांगले उत्तर होते, असे म्हणण्यास हरकत नाही. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे २०१६ पर्यंत दहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी त्याचा लाभ घेतला.

ह्या योजनेचा शेवट तिच्या आरंभाइतकाच बोधप्रद आहे. २०२१ च्या मार्चमध्ये दर्शकांची कंपनीकडील विक्री थांबली आणि ३० जून २०२१ रोजी ‘एक्स्पिडिशन्स’ बंद करण्यात आली. बहुतेक सहली अन्य संग्रहात हलविल्या गेल्या. पण शिक्षकाच्या हातातील नियंत्रण, वर्गाची जोडणी व खुणा हे जे अध्यापनाचे अंग होते ते त्याबरोबर गेले. शिक्षकांना स्वतःच्या सहली रचता याव्यात म्हणून दिलेली सोयही त्याच दिवशी मिटली. कीस्टोन कंपनीचा अंत झाल्यावर तिच्या पत्रिका कपाटात राहिल्या, आणि त्या आजही कोणत्याही दर्शकात पाहता येतात. नव्या दर्शकाचा पुठ्ठाही कपाटात राहिला. पाठ मात्र राहिला नाही.

(७)

आरंभीच्या प्रश्नांकडे आता वळता येईल. स्वस्त दर्शकाची स्वस्ताई ही बव्हंशी खर्चाची अदलाबदल असते. होम्सच्या दर्शकात किंमत चित्रसंचाकडे सरकली, तर पुठ्ठ्याच्या दर्शकात ती दूरध्वनियंत्राकडे व दूरस्थ संग्रहाकडे सरकली. ज्या शाळेतील मुलांजवळ तशी यंत्रे नाहीत, तिच्या दृष्टीने पुठ्ठ्याची किंमत गौण होय. आणि चित्रसंग्रह ज्याच्या मालकीचा, अभ्यासक्रमाच्या त्या भागाची किल्लीही त्याच्याच हाती राहते.

दुसऱ्या प्रश्नावर अलीकडच्या प्रयोगांनी प्रकाश टाकला आहे. कॅलिफोर्नियातील पॅराँग व मेयर ह्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शरीरातील रक्तप्रवाहाचा पाठ आभासी वास्तवात पाहणाऱ्यांना तो अधिक रोचक वाटला, परंतु साध्या चित्रमालिकेतून शिकणाऱ्यांच्या ध्यानात अधिक राहिले. मात्र त्याच आभासी पाठात प्रत्येक भागानंतर थांबून विद्यार्थ्यांकडून सारांश लिहून घेतला असता त्यांचे आकलन सुधारले. माक्रान्स्की व त्याच्या सहकाऱ्यांच्या २०१९ मधील प्रयोगातही प्रत्यक्ष उपस्थितीची भावना वाढली आणि शिकणे घटले, असेच आढळले. हे प्रयोग पुठ्ठ्याच्या नव्हे, तर त्याहून सरस उपकरणांवर केलेले होते. ह्यावरून उपकरण उंची झाले म्हणजे उणीव भरून निघते, ही आशा फोल ठरते. रिकाल्टनचा नकाशा, कीस्टोनची प्रश्नावली, बॅसेटचे रेखाचित्र आणि २०१८ चा सारांश ह्या चारही गोष्टींचे कार्य एकच आहे : पाहणाऱ्याला थांबविणे व त्याच्याकडून काही करवून घेणे.

मराठी शाळांत व महाविद्यालयांत असे दर्शक आणण्याचा विचार करताना ह्या इतिहासाचा आधार घेता येण्यासारखा आहे. चित्रे संस्थेच्या स्वतःच्या संग्रहात असावीत व एखाद्या कंपनीची सेवा मिटली तरी ती पाहता यावीत, हे पहिले पथ्य होय. तिसरी मिती जेथे विषयाला खरोखर आवश्यक आहे, जसे शरीररचना, स्फटिकांची घडण, लेण्यांचे स्थापत्य किंवा भूस्तर, तेथेच ती आधी योजावी, हे दुसरे. आणि ज्याचे चित्र घेतले जाते त्यालाही चित्राची चौकट ठरविण्यात भाग असावा, हे तिसरे. वेरूळ किंवा रायगड पाहणारा विद्यार्थी उद्या स्वतःच तांबड्या रेषा काढू लागला, आपण येथेच का उभे राहिलो व तिकडे का पाहिले हे सांगू लागला, तर व्हीटस्टनच्या उपकरणाचे मूळचे स्वरूप त्याला परत मिळेल. ते उपकरण दृश्य दाखविण्यासाठी नव्हते. माणूस कसा पाहतो हे त्याला स्वतःला उमगावे, ह्यासाठी होते.